अडगळ कोणती, ठेवा कोणता?



बुद्ध पौर्णिमा झाली, आता पाऊस तोंडावर आला आहे. पत्र्यावर प्लास्टिक टाकणे, गटार साफ करून घेणे, पिंपाला झाकण शोधणे ही कामे वस्तीत सुरू झाली असतील. त्यासोबतच घरातील अडगळ याच महिन्यात काढावी, अशी आमची सर्व कुटुंबांना विनंती आहे. आरोग्याच्या पानावर माळ्याचा आणि पेटीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात तेव्हा प्रत्येक बोचके कोणाच्या तरी झोपण्याची जागा आणि कोणाच्या तरी वाट्याची हवा अडवून बसलेले असते.

हे काम दिसते तेवढे सोपे नाही, हेही आम्ही घरोघर फिरताना पाहतो. भंगारवाल्याला द्यायचे पत्र्याचे डबे बाजूला काढता येतात. पण आजोबांचा गिरणीतला बिल्ला, आजीने दीक्षेच्या दिवशी नेसलेले पांढरे लुगडे, गेलेल्या मुलाचे दप्तर यांना हात लावला की काम थांबते. बाजारात त्यांना किंमत नाही, घरात मात्र आहे. म्हणून या लेखात आपण तीन गोष्टी पाहू: कोणत्या वस्तू आजार आणतात, कोणते कागद कधीच टाकू नयेत, आणि जिवाभावाच्या वस्तूंतून निवड कशी करावी.

टाकणे आणि जपणे, दोन्ही आपल्याच वारशात

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की ज्या जड गोठ-पाटल्यांवरून आणि लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून तुमची जात ओळखली जाते त्या सोडा. त्या काळी तेच दागिने घरातली शिल्लक होती, आईकडून लेकीकडे आलेली होती. तरी बायांनी ते उतरवले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कितीतरी घरांनी देव्हाऱ्यातले टाक आणि मूर्ती नदीत, विहिरीत सोडल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची वस्तू विचार करून घराबाहेर काढण्याचे धैर्य आपल्या आजी-पणजींनी दाखवले आहे.

जपणेही आपण तिथूनच शिकलो. परळच्या बीआयटी चाळीतील दोन खोल्यांत बाबासाहेबांचा संसार आणि ग्रंथ एकत्र होते. ग्रंथांना जागा पुरेना, तेव्हा त्यांनी दादरला राजगृह बांधले. दागिना सोडा म्हणणाऱ्या माणसाने पुस्तक मात्र सोडले नाही. वस्तू जुनी की नवी, महाग की स्वस्त, यापेक्षा ती आपल्या जगण्याला काय देते हे पाहून निवड करायची असते. हाच निकष आपण आपल्या खोलीला लावू.

अडगळ आजार कसा आणते

पहिला प्रश्न हवेचा. क्षयरोगाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात. कोंदट, अंधाऱ्या खोलीत ते बराच वेळ टिकतात. वारा खेळता असेल तर ते पांगतात, उन्हाने मरतात. वस्तीतल्या खोलीला बहुधा एकच खिडकी असते आणि नेमकी तीच ट्रंकांनी किंवा गाद्यांच्या गठ्ठ्याने बंद झालेली असते. एका घरी थोरल्या मुलीला क्षय निघाला. तिची गोळी चालू होती, खाणेपिणे नीट होते, पण ती झोपायची त्या कोपऱ्यातली खिडकी तीन पेट्यांमागे होती. घरच्यांनी पेट्या हलवल्या, तेव्हा कितीतरी वर्षांनी त्या भिंतीवर ऊन पडले. घरात कोणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषध मोफत आहे. आणि त्याच दिवशी खिडकी मोकळी करावी.

दुसरा प्रश्न उंदरांचा. चिंध्या, रद्दी, खोके यांत उंदीर घर करतात. त्यांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू पावसाच्या साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतात. घाण पाण्यातून चालून आल्यावर पाय साबणाने धुवावेत, जखम झाकावी. त्यानंतर ताप आला तर अंगावर काढू नये आणि पाण्यातून चालल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

तिसरा डासांचा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. पत्र्यावर दाबून ठेवलेले टायर, फुटकी बादली, "कधीतरी कामाला येईल" म्हणून ठेवलेले डबे ही त्याची पाळणाघरे. अंडे कोरड्या भांड्यालाही चिकटून महिनोन्‌महिने टिकते आणि पाणी मिळाले की जागे होते. म्हणून पिंप नुसते रिकामे करून भागत नाही. आठवड्यातून एकदा आतून घासून कोरडे करावे लागते. टायर मात्र पहिल्या पावसाआधीच काढा.

चौथा धुळीचा. जुन्या गाद्या, न झटकलेल्या वाकळी, झुरळांनी भरलेली खोकी यांमुळे दम्याच्या मुलांचा त्रास वाढतो. खरूज असलेल्या घरात अंथरूण-पांघरूण गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावे. धुता येणार नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे. अंगाबाहेर खरजेचे किडे दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत. औषध मात्र घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचे.

पाचवा अपघाताचा. शेगडीच्या वर दोरीला कपडे, विजेच्या उघड्या जोडाखाली रद्दी, दारात सिलिंडर आणि त्यापुढे सायकल अशी मांडणी आम्हाला नेहमी दिसते. आग लागली तर बाहेर पडायला एकच दार आहे, ते मोकळेच हवे. म्हातारी माणसे रात्री मोरीकडे जाताना बोचक्याला अडखळून पडतात. त्या वयात खुब्याचे हाड मोडले तर कित्येक जण पुन्हा उठून चालत नाहीत.

कपड्यांचा ढीग आणि आनंदांची चिवरे

घरातली सर्वात मोठी अडगळ कपड्यांची असते. याबाबत विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीला राजा उदेनच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चिवरे दान दिली. राजाला ते आवडले नाही. हा श्रमण आता कापडाचे दुकान काढणार की काय, असे त्याला वाटले. त्याने जाऊन विचारले, एवढ्या चिवरांचे काय करणार? आनंदांनी सांगितले, ज्या भिक्खूंची चिवरे विरली आहेत त्यांना वाटणार. मग त्या जुन्या चिवरांचे काय? त्यांची पांघरुणे करणार. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचे? जमिनीवरची अंथरुणे. त्यानंतर पायपुसणी, त्यानंतर धूळ झटकायची फडकी. आणि फडकी फाटली की ती बारीक करून चिखलात मळून जमीन लिंपणार. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे चिवरे दिली.

आपल्या आया-बाया लुगड्याची वाकळ शिवतात, वाकळीचे पोतेरे करतात, ती हीच रीत. या प्रसंगात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की एकही चिवर नुसते पडून राहत नाही. कपड्याला पुढचे काम नेमून दिलेले असते. आपल्या ढिगातला प्रत्येक कपडा हातात घेऊन तेवढेच विचारा: याचे पुढचे काम कोणते? घालायचा असेल तर बाहेर काढा. कोणाला होण्यासारखा असेल तर धुऊन, घडी घालून, माणसाला माणूस देतो तसा द्या. वाकळीसाठी असेल तर या उन्हाळ्यातच शिवायला घ्या. काहीच काम नसेल तर तो जाऊ द्या.

औषधांचा डबा

आमच्या दृष्टीने पहिल्या दिवशी उघडायचा डबा हा. त्यात मुदत संपलेल्या गोळ्या असतात, अर्धवट सोडलेले प्रतिजैविकाचे पाकीट असते, गेलेल्या आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात. "त्यांना लागू पडली होती" म्हणून आजी त्याच गोळ्या घेताना आम्ही पाहिल्या आहेत. दुसऱ्याचे औषध घेऊ नये, उरलेले प्रतिजैविक पुढच्या तापासाठी राखू नये. उघडून महिना उलटलेले डोळ्यांचे थेंब टाकून द्यावेत. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून, बूच घट्ट लावून दवाखान्यात द्याव्यात. फुटकी काच आणि ब्लेड कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळे द्यावे. कचरा वेचणारी बाई बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली, आपलीच बहीण असते आणि तिच्या हातात मोजे नसतात.

हे कागद कधीच रद्दीत घालू नका

टाकण्याच्या उत्साहात सर्वात मोठे नुकसान कागदांचे होते. एका कुटुंबाने आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला रद्दीत जाऊ दिला. त्यावर जुन्या जातीचे नाव लिहिलेले होते, आणि आता आपण बौद्ध आहोत, ते नाव घरात कशाला, असे त्यांना वाटले. त्यांच्या मनातला राग आम्हाला समजतो. पण नातीला जात वैधता प्रमाणपत्र काढायची वेळ आली, तेव्हा तोच कागद हवा होता. गावच्या शाळेत जुनी नोंदवही पावसाने भिजून चिकटलेली निघाली.

अनुसूचित जातीचा दाखला काढताना कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. वैधतेसाठी वडिलांकडील नात्यातील जुने कागद लागतात. म्हणून आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा, आत्या यांचे शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूचे जुने उतारे, नोकरीची कागदपत्रे जपा. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर मिळाल्या, त्यासाठी तीन दशकांहून अधिक लढावे लागले. तो हक्क आज नातवाच्या शिष्यवृत्तीपर्यंत पोहोचतो तो याच पिवळ्या पडलेल्या कागदांवरून. कागदावरचा शब्द आपल्याला चिकटत नाही. तो आपल्या कामाला लावायचा.

घराचे कागदही तसेच. झोपडीधारकांच्या पुनर्वसनात १ जानेवारी २००० आणि १ जानेवारी २०११ या तारखांना फार महत्त्व आहे. त्या काळातली वीजबिले, मतदार यादीतले नाव, फोटोपास, शिधापत्रिका, कराच्या पावत्या यांतली एकही चिठ्ठी टाकू नका.

तिसरे कागद आरोग्याचे. मुलांची लसीकरणाची कार्डे, माता-बाल कार्ड, शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कागद, क्षयाच्या उपचाराची नोंद, रक्तगट, औषधाची अ‍ॅलर्जी लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. विदर्भातील आपल्या कुटुंबांत सिकलसेल आढळतो. त्याच्या तपासणीचे कार्ड लग्न ठरवताना आणि बाळंतपणात उपयोगी पडते. दहा वर्षांपूर्वीच्या सर्दी-तापाच्या चिठ्ठ्या मात्र टाकायला हरकत नाही.

हे सगळे एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पाणी चढणार नाही इतक्या उंचीवर ठेवा. वस्तीत आग लागली किंवा पाणी भरले तर माणसांनंतर हीच पिशवी उचलायची, हे घरातल्या मुलांनाही ठाऊक हवे. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून दोन नातेवाइकांकडे पाठवून ठेवा. जुन्या मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका. वाळवी-कसरीसाठी डांबरगोळ्या ठेवल्यास लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळल्यास विषबाधा होते. कडुलिंबाचा वाळलेला पाला बरा.

गेलेल्या माणसाच्या वस्तू

आता अवघड भाग. घरातले माणूस गेले की शेजारीपाजारी म्हणतात, त्याचे कपडे लगेच काढून टाका. क्षय किंवा एचआयव्हीने गेले असेल तर कपडे-भांडी जाळायला सांगतात. याची गरज नाही. क्षय कपड्यांतून किंवा ताट-वाटीतून पसरत नाही, एचआयव्हीही नाही. साबणाने धुऊन उन्हात वाळवले की पुरे. भीतीपोटी जाळलेला सदरा पुढे आईला वर्षानुवर्षे आठवत राहतो.

कोणालाही घाई करू नका. एका आईने गेलेल्या मुलाचे दप्तर खिळ्याला तसेच टांगून ठेवले होते. सून म्हणायची, काढा. सासू म्हणायची, माझ्या मेल्यावर काढा. शेवटी वर्षाच्या पुण्यानुमोदनाला आईने स्वतः दप्तर उतरवले. पट्टी-पेन्सिल आणि वह्या वस्तीतल्या एका मुलाला दिल्या. एक वही, तिच्यात मुलाचे अक्षर आहे म्हणून, स्वतःकडे ठेवली. दप्तर एवढे मोठे होते, वही पेटीत मावते.

आम्हाला हा मार्ग योग्य वाटतो. माणसामागे एक वस्तू निवडावी, ज्यात त्याचा हात किंवा त्याचे काम दिसते: अक्षर, चष्मा, हत्यार, शिवलेली वाकळ. बाकीच्यांना पुढचे काम द्यावे. निवड त्याच्या सर्वात जवळच्या माणसाने करावी. आणि ठेवलेली वस्तू मुलांना दाखवून तिची गोष्ट सांगावी. आजोबांच्या बिल्ल्याची गोष्ट कोणी सांगितलीच नाही, तर पुढच्या पिढीला तो पितळेचा तुकडाच वाटणार, आणि त्यात तिचा दोष नसेल.

भगवंतांनी सब्ब अनिच्च सांगितले, ते दुःख झालेल्या बाईला गप्प करण्यासाठी नाही. किसा गोतमीला त्यांनी आधी मोहरी आणायला दारोदार पाठवले, तिला स्वतः उमगेपर्यंत वाट पाहिली. तेवढा वेळ आपणही एकमेकांना द्यावा. मात्र महिनोन्‌महिने जेवण-झोप नसेल, कामात मन लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलत असेल, तर तिला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.

म्हाताऱ्यांची पेटी

आजी दोऱ्याचे तुकडे, रिकाम्या बाटल्या, प्लास्टिकच्या पिशव्या साठवते म्हणून घरात भांडणे होतात. तिने १९७२ चा दुष्काळ पाहिलेला असतो, झोपडी तुटताना पाहिलेली असते. आज टाकले तर उद्या कुठून आणायचे, हा तिचा अनुभव आहे. ती कामाला गेली असताना तिची पेटी रिकामी करू नका. शेजारी बसा, एकेक वस्तू तिच्याकडूनच काढून घ्या. एक पेटी पूर्ण तिची, तिला कोणी विचारणार नाही, असे ठरवा. पण पूर्वी नीटनेटके असणारे माणूस अचानक शिळे अन्न, कचरा साठवू लागले, वस्तू लपवून विसरू लागले, तर ते आजाराचे लक्षण असू शकते. रागावण्याऐवजी तपासून घ्या.

सुनेचाही विचार करा. जागा कमी पडली की पहिल्यांदा तिच्याच शाळेच्या वह्या, तिचीच प्रमाणपत्रे, तिचेच शिलाई मशीन घराबाहेर जाते. घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलीलासुद्धा, स्वतःचा एक डबा हवा.

चळवळीच्या खुणा

काही वस्तू एका घराच्या नसतात. जलशाच्या गाण्यांची हाताने लिहिलेली वही, सभेचे हँडबिल, 'जनता' किंवा 'प्रबुद्ध भारत'चा जुना अंक, मोर्चातला फोटो, महिला मंडळाचे हिशेबाचे रजिस्टर या वस्तू रद्दीत जाता कामा नयेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये आणले. अशा कामाला आपल्या आयांची आठवण आणि अशाच पेट्यांतले कागद लागतात. घरात जपणे शक्य नसेल तर विहारातल्या कपाटात ठेवा, यादी करा आणि ज्याचे त्याचे नाव लिहा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकटच त्याचा फोटो घ्या. फोटोमागे माणसांची नावे, गाव, साल पेन्सिलने लिहा. नावे सांगणारी आजी अजून आहे तोवर हे काम करून घ्या.

सुरुवात कशी करावी

पहिल्या रविवारी औषधांचा डबा आणि पत्र्यावरचे सामान.
दुसऱ्या रविवारी खिडकी, दार, शेगडी आणि विजेच्या जोडाभोवतीची जागा.
तिसऱ्या रविवारी कपडे आणि अंथरुणे: घालायचे, द्यायचे, शिवायचे, काढायचे असे चार ढीग.
चौथ्या रविवारी कागद. हे काम वाचता येणाऱ्या माणसाने, घरातल्या जाणत्याला शेजारी बसवून करावे.
आठवणींची पेटी सर्वात शेवटी, सगळे घरी असताना उघडावी. जे ठरत नाही ते बाजूला बांधून, त्यावर तारीख लिहून, आश्विन पौर्णिमेपर्यंत ठेवावे. वर्षावासात मन स्थिर झाले की पुन्हा पाहावे.

झाडताना तोंडाला फडके बांधा, दम्याच्या माणसाला बाहेर बसवा, उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी पाणी आणि फिनाइल शिंपडून मग पुसून घ्या. घरात एकटी बाई असेल, बाळंतीण असेल, म्हातारे जोडपे असेल, तर महिला मंडळाने त्यांचा माळा उतरवून द्यावा. वरची पेटी एकट्याने उतरवू नये.

जय भीम.